भार कोणी सोसायचा?

२०१४ साली पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात एबीयू रोबोकॉन झाली. आशिया-पॅसिफिकमधल्या विद्यार्थ्यांची ही स्पर्धा. त्या वर्षीचा विषय पालकत्वाचा होता : पालक रोबोने बाळ रोबोला उचलून सीसॉवर बसवायचे, झोपाळ्यावर झोका द्यायचा. विषय गोड, काम अवघड. मूल कडेवर घेतले की त्याचा भार अंगाजवळ येतो. हात लांब करून कोणतीही आई त्याला फार वेळ धरत नाही. रोबोला मात्र तेच करावे लागते, कारण सीसॉ त्याच्यापासून दूर असतो.

असा हात बनवायचा म्हटले की पहिली चर्चा होते ती मोटारीची. किती टॉर्कची घ्यायची? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. समजा, हात एक मीटर लांब, वजन दोन किलो (गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर) आणि टोकाला चार किलोचे बाळ. हात आडवा असताना सांध्यावर ५०० किलोग्रॅम-सेंटिमीटर टॉर्क येतो. बाळ नसताना १००. हात जागचा हलत नसला तरी मोटार वीज खात राहते. भौतिकशास्त्राच्या हिशेबी हे कार्य शून्य, गुंडाळी मात्र तापते.

यावरचा लोकप्रिय तोडगा म्हणजे गाडीच्या वायपरची मोटार. तिच्यात वर्म गिअर असते, त्यामुळे वीज तोडली तरी हात बहुधा खाली येत नाही आणि मुले खूश होतात. पण जे वर्म गिअर भाराने उलटे फिरत नाही, त्याची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असते. थांबण्याची सोय होते, पण हात उचलताना अर्ध्याहून अधिक शक्ती घर्षणात जाते.

खरा उपाय समतोलाचा : सांध्यामागे वजन लावा किंवा स्प्रिंग जोडा. पण किती? इथे भलेभले चुकतात. पूर्ण भार तोलला तर बाळ खाली ठेवताच हात उसळतो. नुसता हात तोलला तर बाळ सगळे मोटारीच्या माथी. म्हणून मधला आकडा घ्यायचा, ३००. मग मोटारीला कधी वर, कधी खाली जोर लावावा लागेल, पण स्थिर धरताना २०० च्या पुढे नाही. उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे धरून ठेवण्यातली कमाल उष्णता जवळपास एकषष्ठांशावर येते. इमारतीतल्या लिफ्टचेही असेच. तिचे प्रतिवजन म्हणजे केबिनचे वजन अधिक क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के. त्यामुळे रिकामी लिफ्ट वर नेण्यापेक्षा खाली आणायलाच मोटारीला जास्त जोर लागतो. थोडक्यात, नीट तोललेला हात भरलेला असो वा रिकामा, कधीच पुरता तोललेला नसतो. तूट दोन्हीकडे सारखी वाटलेली असते, इतकेच.

आता ३०० चा टॉर्क वजनाने साधायचा तर सांध्यामागे २५ सेंटिमीटरवर १२ किलो लोखंड हवे. वजनाची मर्यादा असलेल्या रोबोला ते परवडणारे नाही, शिवाय हाताचे जडत्वही वाढते. स्प्रिंग हलकी, पण तिचा ताण लांबीनुसार बदलतो आणि भाराचा टॉर्क कोनानुसार. दोन्हींची सांगड घालता येते, हे जॉर्ज कारवर्डाइन या गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या ब्रिटिश अभियंत्याने १९३० च्या दशकात दाखवून दिले. त्याचा अँगलपॉइज दिवा कोणत्याही कोनात ठेवा, तिथेच राहतो, आणि त्यात मोटार नाही. स्प्रिंगचे एक टोक कुठे बांधायचे, यावर सारा खेळ आहे. ते ठरवायला त्रिकोणमिती लागते आणि तीही पत्रा कापण्याआधी. म्हणूनच बहुधा मोठी मोटार आणणे सोपे वाटते.

मार्गदर्शक प्राध्यापकांनी मोटारीच्या बिलावर सही करण्याआधी ही आकडेमोड मागावी. मुलांनी हात वजनकाट्यावर ठेवून त्याचे खरे वजन घ्यावे, ड्रॉइंगवरच्या आकड्यावर विसंबू नये. आणि हात दुरुस्तीला घेतला की ताणलेली स्प्रिंग आधी सोडवावी, कारण वीज बंद केल्याने ती शांत होत नाही.