मुदतीचा रहिवास

परक्याचे श्रम ज्या राज्याला हवे असतात, परंतु त्याचे कायमचे वास्तव्य ज्याला रुचत नाही, ते राज्य त्याला मुदतीचा परवाना देते आणि ती मुदत वाढविण्याचा अधिकार आपल्या दफ्तरात, किंवा त्याहूनही अनिष्ट म्हणजे त्याच्या मालकाच्या हाती ठेवते. मासेमारी, वाड्या आणि दागिन्यांच्या डाय कोरण्याचे काम यांवर निर्वाह करणाऱ्या डहाणू तालुक्यातील वरोरसारख्या समुद्रकाठच्या गावाला हा प्रश्न दूरदेशीचा वाटेल. परंतु मुदतीचा हक्क कायम कसा होतो याचा कष्टाने मिळविलेला अनुभव याच डहाणू-तलासरीच्या पदरी आहे, आणि अमेरिकेतील आपल्या मुलांची स्थिती त्या अनुभवाशी ताडून पाहावी असे मला वाटते.

अमेरिकेचा एच-१बी हा नोकरीचा परवाना १९९० च्या कायद्याने आला. तो तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. त्यापुढे राहावयाचे तर मालकाने, या कामास योग्य असा स्थानिक मनुष्य मिळत नाही हे श्रमखात्याकडून मान्य करून घेऊन, नोकराच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज करावयाचा. अर्ज मंजूर झाला तरी ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, लगेच हाती येत नाही. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसा, त्यांतच बायकामुले, आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. त्यामुळे भारतात जन्मलेल्याची रांग दशकाहून लांबते आणि २००० सालच्या कायद्याच्या आधारे तो मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहतो. या अवधीत तो कर भरतो, घर घेतो, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात राबतो. तरी नोकरी सुटली तर त्याला फार तर साठ दिवसांची सवलत. आईच्या कडेवरून तिथे गेलेले मूल कायद्याच्या हिशेबाने एकवीस वर्षांचे झाले, की ते आईबापांच्या अर्जातून गळते. ज्याला दुसरा देश आठवतही नाही त्याने स्वतःसाठी निराळा व्हिसा शोधावा, हा या व्यवस्थेतील सर्वांत निष्ठुर भाग आहे.

आता घरचा दाखला घ्या. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्यानेच तिचे खरेदीदार मानले गेले. किंमत ठरविण्यावरून वाद झाले, कागदाअभावी कित्येक कुळे वंचितही राहिली. पण मालकाची मर्जी विचारावयाची नाही, हे तत्त्व एकदाचे ठरून गेले.

वनजमिनीवरच्या वारली आदिवासींना मात्र फार थांबावे लागले. अधिक धान्य पिकविण्याच्या मोहिमेत सरकारने त्यांना एकसाली प्लॉट दिले, म्हणजे कब्जा एका वर्षापुरता. वर्ष सरले की तोच कसणारा अतिक्रमक ठरे आणि दंड भरी. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून, पावसापासून जपलेली ती दंडाची पावतीच पुढे त्याच्या वहिवाटीचा पुरावा झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेली, चार हेक्टरांपर्यंतची जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे, वारसाने चालणारी परंतु विकता न येणारी म्हणून मान्य केली; जुन्या पट्ट्यांचे हक्कात रूपांतर करण्याची तरतूद केली; आणि गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही पुरावा मानले.

आपल्या दारात कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा राज्याचा अधिकार मला मान्य आहे. परंतु पंधरा वर्षे श्रम घेतल्यानंतर तो अधिकार पहिल्या दिवसाइतका निर्वेध राहत नाही. अमेरिकेलाही हे तत्त्व परके नाही: १९२९ च्या तिच्या रजिस्ट्री कायद्याने एका ठराविक तारखेपूर्वीपासून राहत असलेल्यांना कायम वास्तव्याची वाट खुली केली, आणि पुढे ती तारीख वेळोवेळी अलीकडे आणली गेली, मात्र १९८६ साली ठरलेली १ जानेवारी १९७२ ही तारीख त्यानंतर हललेली नाही. कालमर्यादा ठरावी आणि ती भरली की हक्क आपोआप उपजावा, एवढीच न्याय्य मागणी आहे.

हीच मागणी उपविभागीय समितीकडे वनहक्काचा दावा अडकून पडलेल्या तलासरीच्या पाड्यावरील शेतकऱ्याचीही आहे. ज्या वाचकांची मुले आज ग्रीन कार्डाच्या रांगेत उभी आहेत, त्यांनी आपल्या तालुक्यातील वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांची चौकशी करावी आणि त्या दावेदारांच्या बाजूने उभे राहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.