मोठी जागा आणि पुरेसे घर

घर बांधणे हे दगडमातीचे काम आहे असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते ते आधी विचाराचे व मग दगडमातीचे काम होय. ज्या दिवशी मनुष्य फक्की टाकून जमिनीवर घराची आखणी करितो, त्या दिवशी आपल्या कुटुंबात कोणाला किती मान आहे, शेजाऱ्याशी आपले नाते काय, आणि मागून येणाऱ्यांसाठी आपण काय राखणार, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तो नकळत देऊन टाकितो.

गावठाणात जागाच मनुष्यास आवर घालते. शेजाऱ्याची भिंत लागली की आपली भिंत थांबते. परंतु आता कित्येक कुटुंबे गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला किंवा आपल्याच रानात दहावीस गुंठ्यांच्या मोकळ्या जागेवर घर बांधू लागली आहेत. तेथे थांबा असे सांगणारी भिंत नसते. जे काही थांबावयाचे ते आपल्या विवेकानेच. म्हणून आम्ही असा प्रश्न करितो की, जागा पुष्कळ असता घर केवढे बांधावे, आणि ते कोणासाठी बांधावे?

ह्यावर एक आक्षेप येईल, व तो हलका नाही. ज्यांच्या वाडवडिलांस पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर राहावे लागले, ज्यांस चांगली जागा व उंच जोते नाकारले गेले, त्यांच्या नातवाने दोन मजले चढविले तर त्यात गर्व तो कोणता? आम्ही म्हणतो, काही नाही. पक्के घर, उजेडाची खोली आणि पावसात न गळणारे छप्पर हा त्याचा हक्कच आहे, आणि ह्याबाबत त्याला साधेपणाचा उपदेश करणे कोणालाही शोभत नाही. परंतु त्याच्याशी एक गोष्ट बोलावीशी वाटते. ज्यांनी आपल्याला तुच्छ लेखिले त्यांच्या डोळ्यांत भरावे एवढ्याचसाठी जर वरचा मजला चढला, तर त्या घराचा नकाशा त्यांनीच काढिला असे होईल. मग घर आपले, कर्ज आपले, पण मालकी मात्र त्या डोळ्यांची! खरा स्वाभिमानी मनुष्य आपल्या गरजेकडे पाहून बांधितो.

घरापुढे माणसाचा जीव केवढा मोलाचा आहे हे मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. किल्लारी व आसपासच्या गावांत भूकंपाने हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील घरे दिसावयास भक्कम होती. भिंती जाड दगडांच्या होत्या. पण दगड मातीत बसविलेले, भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगास बांधून ठेवणारे आडवे लांब दगड बहुधा नसत, आणि माथ्यावर मातीच्या माळवदाचे मोठे ओझे. कित्येक ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र कोसळल्या. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. जे डोळ्यांस भक्कम दिसते तेच भक्कम असते असे नाही.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घराचे आकारमान कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले: भूमिहीन व अगदी लहान शेतकऱ्यांस २५० चौरस फूट, मधल्यांस ४५०, आणि मोठ्या जमीनदारांस ७५०. हिशेबास हे सोपे होते. पण विचार करा, ज्या घरात आठ माणसे आहेत व जमीन नाही, त्याने कोठे निजावे? सरकारी कागदावरील हे माप पाहून आपण हळहळतो. परंतु आपणही पुष्कळदा आपल्याच घरात असेच माप वापरितो. ज्याची मिळकत अधिक त्याला पुढली हवेशीर खोली. जिच्या नावावर काही नाही त्या म्हाताऱ्या आईला जिन्याखालचा कोपरा.

म्हणून नकाशा काढावयास बसताना प्रथम घरातील सर्वांत दुबळ्या माणसास विचारावे. आम्ही पाहतो की, गवंडी, मालक व मालकाचे भाऊ ओसरीवर बसून सर्व ठरवितात. आणि जिला दिवसाचे कित्येक तास चुलीपुढे काढावयाचे आहेत तिला ओटा किती उंच हवा, धूर कोठून जावा, पाणी किती पावलांवरून आणावे लागेल, हे कोणी पुसत नाही. दिवाणखान्यास तीन खिडक्या आणि स्वयंपाकघरास एक झरोका, असे घर बाहेरून कितीही सुंदर असो, आम्ही त्यास न्यायाचे घर म्हणणार नाही. म्हाताऱ्यांस रात्री संडासापर्यंत अंगण ओलांडावे लागू नये, दाराशी पायऱ्या उंच असू नयेत, ह्या गोष्टींस पैसा थोडा लागतो. आठवण मात्र लागते.

दुसरी गोष्ट भूमीची. मोठ्या जागेत घर कोठे बसवावे हे भूमीलाच विचारावे. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंती तडकतात, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खणावे. घर उंचवट्यावर असावे, पण पाण्याच्या वाटेत नसावे. आपल्या जोत्याने अडविलेले पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरते. शोषखड्डा विहिरीपासून दूर व उताराच्या बाजूस घ्यावा, मग ती विहीर आपली असो वा दुसऱ्याची. पश्चिमेस झाड व पडवी असली तर दुपारचे ऊन भिंतीवर येत नाही. छपराच्या पाण्याचाही हिशेब करावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०,००० लिटर होते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४८,००० लिटर उरते. ते टाकीत किंवा जमिनीत घातले तर केवळ आपली नव्हे, शेजाऱ्याचीही विहीर जगते.

ह्या बाबतीत लॉरी बेकर ह्या वास्तुशिल्प्याचे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ते १९४५ साली कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या मिशनबरोबर इंग्लंडातून भारतात आले, व २००७ साली तिरुवनंतपुरम येथे वारले. गांधीजींनी त्यांस सांगितले होते की, घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याचे असावे. बेकर ह्यांनी हा विचार आयुष्यभर वागविला. विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची रीत त्यांनी प्रचारात आणिली. तिने सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात व घर थंड राहते. काटकसर ही हीनता नसून ती सौंदर्यही होऊ शकते, हे त्यांच्या इमारतींवरून दिसते.

तिसरी गोष्ट पैशाची. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. तरी जोत्यापर्यंत पैसा पुरतो, भिंतींपर्यंत उधारी चालते, आणि स्लॅबच्या वेळी सावकाराचे दार ठोठवावे लागते. मग बियाण्याचा पैसा जातो, मुलीची शाळा सुटते, आणि गवंड्याची मजुरी थकते. ज्या घराच्या भिंतीत मजुराचा न दिलेला पैसा आहे त्यात शांतीने निजता यावे कसे?

मोठ्या जागेचा खरा लाभ असा की, सर्व काही आजच बांधावे लागत नाही. ज्याची जागा अरुंद आहे त्यास एकदाच वर चढावे लागते. ज्याच्याभोवती मोकळे अंगण आहे तो आज दोन खोल्या व पडवी बांधून राहू शकतो, आणि कुटुंब वाढेल तशी पुढची खोली जोडू शकतो. फक्त पुढच्या दाराची जागा भिंतीत आधीच राखावी. उरलेल्या भूमीत आंबा, शेवगा, कढीपत्ता लावावा. मोकळी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे; ती मुलांच्या खेळाची, धान्य वाळविण्याची, लग्नकार्याच्या मांडवाची, आणि आपल्या नातवांनी आपापल्या गरजेप्रमाणे विचार करावा म्हणून सोडलेली जागा आहे.

तेव्हा वाचकहो, फक्की टाकण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या मोकळ्या जमिनीवर घरातील सर्वांस घेऊन बसा. आजीला विचारा, सुनेला विचारा, लेकरांना विचारा. बांधापलीकडच्या शेजाऱ्यासही विचारा. सर्वांच्या उत्तरांत जे घर बसेल ते पुरेसे घर होय. त्याहून अधिक बांधावयाचे झालेच, तर ते कोणासाठी, हे स्वतःस एकदा निश्चयाने पुसा.