रिकाम्या गवतावर नेम

सावकाश बसा. खांदे सैल सोडा.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाचं शहर आहे. तिथल्या पूल पार्कमध्ये तुम्ही आहात. १८९० साली लोकांसाठी खुली झालेली बाग, शेजारी खाऱ्या पाण्याचं तळं. समोर बारीक कापलेली हिरवळ. लॉन बॉल्सचा खेळाडू पर्सी बेकर इथलाच.

लॉन बॉल्सचा गोळा हातात घ्या. लिग्नम व्हायटीचा, पाण्यात बुडणाऱ्या लाकडाचा. वजन दीड किलोच्या आसपास. बोटांनी चाचपा. तो पुरता गोल नाही. मुद्दामच तसा घडवलाय. एका बाजूचं छोटं चिन्ह अंगठ्याला लागेल. गोळा वळणार तो त्या बाजूला.

दूर जॅक दिसतोय, ज्याच्या जवळ गोळा न्यायचा तो छोटा पांढरा गोळा? पाहून घ्या आणि नजर काढा. नेम धरायचा तो शेजारच्या रिकाम्या गवतावर. मन ऐकत नाही. घाई करू नका, ऐकेल.

सोडा.

आधी गोळा जवळजवळ सरळ जातो. वेग ओसरला की कलू लागतो, आणि थांबता थांबता सर्वांत जास्त वळतो. या खेळाचा जीव मला तरी त्या अखेरच्या हातभर वाटेत दिसतो. गोळ्याच्या मागे चालत हातवारे करणारे खेळाडू सगळीकडे असतात. गोळा कुणाचं ऐकत नाही.

तो जातोय तोवर बेकरकडे पाहू. १९०३ साली इंग्लिश बोलिंग असोसिएशन निघाली. पहिले अध्यक्ष डब्ल्यू. जी. ग्रेस, होय, तेच दाढीवाले क्रिकेटपटू. दोन वर्षांनी राष्ट्रीय एकेरी स्पर्धा सुरू झाली. ती बेकरने १९३२ साली जिंकली. पुन्हा जिंकली १९४६ मध्ये.

या चौदा वर्षांपाशी थांबा. मधे महायुद्ध होऊन गेलं. आपण विजयांची सालं पाठ करतो. मधली वर्षं कुणी विचारत नाही. श्वास घ्या, एकेक वर्ष जाऊ द्या. हिरवळ कापली जातेय, पाऊस पडतोय, स्पर्धा दुसरेच जिंकतायत.

मग १९५२. मग १९५५. पहिल्या विजेतेपदापासून तेवीस वर्षं. हा चार विजेतेपदांचा आकडा पुढे डेव्हिड ब्रायंट या खेळाडूने सहावर नेला.

गोळा थांबला? जॅकपासून किती लांब, बघून या. आता पुढची फेरी उलट दिशेने. जिच्यावरून गोळा टाकला ती चटई उचला, त्या टोकाला मांडा. वाटलं तर या वेळी गोळा दुसऱ्या बाजूने वळवा.