टाकीतले पाणी

कॅम्पर व्हॅनने आपण सहकुटुंब स्पितीला निघालो, तर मनालीनंतर अटल बोगदा आणि पुढे ४,५०० मीटरहून उंच कुंझुम खिंड लागते. पलीकडे शीत वाळवंट. पाऊस अगदी थोडा. हिमनद्यांचे वितळलेले पाणी पाटांनी आणून गावकरी जव आणि वाटाणा पिकवतात.

इथे गाडीतली टाकी हीच आपली विहीर. घरी नळ सुरू ठेवून दात घासणारे आपण एका तांब्यात तोंड धुतो. मुले ताटली आधी पुसतात, मग विसळतात. दोन जोड कपडे पुरतात आणि संध्याकाळी डोंगर पाहत बसताना काही कमी आहे असे कुणालाच वाटत नाही.

याला अपरिग्रह म्हणावे का? महर्षी पतंजलींनी तो पाच यमांत सांगितला आहे. पण यम स्वतःहून पाळायचा असतो. टाकी लहान म्हणून पाणी जपले, तर तो केवळ नाइलाज.

खरी परीक्षा वापरलेल्या, साबणाच्या पाण्याची. रात्री ते ओढ्यात सोडले तर कुणी पाहणार नाही. पण तोच ओढा खालच्या शेताला जातो. कुणाचीही सक्ती नसताना ते साठवून मुक्कामाच्या शोषखड्ड्यापर्यंत नेले, की संयमाला सुरुवात झाली.

दुसरी परीक्षा घरी. तिथे नळाला भरपूर पाणी असते. परतल्यावर पहिल्या सकाळी आपला हात तो नळ किती सोडतो, एवढे फक्त प्रामाणिकपणे पाहूया.