घरचा कट-ऑफ

बस. आणि आधी ते मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेव. दारातून आत आल्यापासून दोनदा त्यात बघितलंस. माझ्या वर्गात हे चालत नव्हतं, माझ्या घरात तर नाहीच.

फॉर्म भरलास, पैसे भरलेस, पुढच्या वर्षी परदेशात जाऊन पूर्ण आयर्नमॅन करणार, सगळं ऐकलं. पाठीला डबा बांधून पंचगंगेत ढकलायला निघालो होतो तेव्हा घाटाची पायरी सोडत नव्हतास. तोच तू आता 3.8 किलोमीटर पोहणार, बाहेर येऊन 180 किलोमीटर सायकल हाणणार आणि त्यावर 42.2 किलोमीटर पळणार. कोल्हापुरातून कराडला जाऊन परत आलं तरी सायकलचं अंतर उरतंच. मला याचं कौतुक नाही असं समजू नकोस. पण एवढं सगळं सांगून झाल्यावर शेवटी तू म्हणालास, "फक्त घरचे सपोर्ट करत नाहीत, सर." त्या वाक्यासाठी तुला बसवून घेतलंय.

सपोर्ट म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का? ही शर्यत जिथं जन्मली तिथलं सांगतो. 18 फेब्रुवारी 1978, हवाईतलं ओआहू बेट. जॉन कॉलिन्स हा अमेरिकन नौदलातला अधिकारी आणि त्याची बायको जुडी, या दोघांनी मिळून ही कल्पना काढली. वायकिकीला समुद्रात पोहण्याची स्पर्धा होतीच, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत होती, होनोलुलूची मॅरेथॉन होती. तिन्ही एकाच दिवसात करायची. 15 जण उतरले, 12 जणांनी पुरी केली, गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांत पहिला आला. वाटेत पाण्या-केळ्यांची टेबलं मांडून कुणी बसलं नव्हतं. प्रत्येकानं आपली मदतीची माणसं आपणच आणायची होती. दुसरा आलेला जॉन डनबार, त्याच्या माणसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, असं सांगतात. मदतीची माणसं रिकामी झाली की मग हाताला लागेल ते मिळतं, लेका.

आता तुझी माणसं कोण, ते सांग. तू पहाटे चारला सायकल काढतोस. पाचला नळाला पाणी येतं. मोटर कोण लावतं? पोरीची वेणी, डबा, रिक्षावाल्या मामांना फोन, तुझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या आणि साडेनऊला स्वतः बँकेत हजर. तुझी बायको गेले आठ महिने तुझी सपोर्ट टीम आहे. फक्त तिला कुणी विचारलं नाही, आणि तिच्या गळ्यात कुणी पदकही घालणार नाही. आणि तू मला सांगतोस, सपोर्ट नाही!

तिनं चुगली केली असं मनात आणू नकोस. पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो, काउंटरवर दिसली, म्हणून विचारलं, "सूनबाई, कसा चाललाय सराव?" म्हणाली, "छान." एवढंच. पस्तीस वर्षं पोरांची उत्तरं ऐकलीत मी, न केलेल्या अभ्यासाचं "छान" मला ओळखू येतं. बाकीचं तुझ्या पोरीनं सांगितलं. शाळेच्या मैदानावर मी अजून जातो, तिथं भेटते. "पप्पा रविवारी सायकलवर असतात आणि सोमवारी झोपेत." दहा वर्षांच्या पोरीनं तुझं वेळापत्रक तुझ्या कोचपेक्षा नेमकं सांगितलं.

म्हणालास, आठवड्याला बाराच तास सराव असतो, आठवड्याचे तास 168, त्यात बारा म्हणजे काय मोठं! गणितात तू कच्चा होतास, पण इतका? बारा तास हे घड्याळ चालू असतानाचे. आदल्या रात्री बाटल्या भरणं, टायरची हवा बघणं, तलावापर्यंत जाणं-येणं, परत आल्यावर चहाच्या टपरीवर ग्रुपमधल्यांशी हृदयाच्या ठोक्यांची चर्चा, सायकल धुणं, चेन पुसणं, दुपारची दोन तासांची झोप, रात्री नऊलाच "मला उद्या उठायचंय" म्हणून दिवा मालवणं, हे कुठल्या वहीत लिहितोस? ते सगळं घराच्या खात्यातून जातं आणि तिथं नोंद होत नाही. म्हणून तुला ते फुकट वाटतं.

आमच्या कोल्हापूरच्या तालमीतलं पोरगंसुद्धा याहून शहाणं असतं. पैलवानाचा खुराक घरावर पडतो. दूध, तूप, बदाम यासाठी बाप म्हैस राखतो, भाऊ शेतात दुप्पट राबतो, बहिणीच्या ताटातलं तूप कमी होतं. पण ते पैलवानाला माहीत असतं. घरात बसून, बोलून ते ठरलेलं असतं. म्हणून मैदान मारून आला की फेटा आधी बापाच्या पायावर ठेवतो. तू सायकलवर मोटारीएवढा पैसा घातलास, तेव्हा बायकोला कधी कळलं? बॉक्स दारात आल्यावर!

तुमच्या खेळात एक गोष्ट मला फार आवडते. पाण्यातून बाहेर येऊन सायकल घेईपर्यंतचा तो टी-वन, सायकल ठेवून बूट चढवेपर्यंतचा टी-टू. तुम्ही त्याला चौथा खेळ म्हणता, आणि बरोबर म्हणता. ओल्या अंगानं, दमलेल्या डोक्यानं, एक काम संपवून दुसऱ्याला लागायचं आणि मागच्याचं काही बरोबर न्यायचं नाही. गॅरेजच्या दारात चटई टाकून तू याचा सराव करतोस, मोजे न घालता बूट कसे चढवायचे तेही तुला येतं. मग टी-थ्री का येत नाही? सायकल टांगली की माणूस घरात यायला हवा. तू येत नाहीस. सोफ्यावर बसून स्ट्राव्हा ॲपवर कुणी किती अंगठे दिले ते मोजतोस. पोरगी वही घेऊन उभी, आई काहीतरी विचारते, आणि तू अजून कागलच्या रस्त्यावर. हा बदल करायला तुला दीड तास लागतो. शर्यतीत टी-टूला दीड तास लावलास तर लोक हसतील.

झोपेचं तर बोलूच नये असं वाटतं. शिरोलीला तुझी फाउंड्री आहे म्हणून तुझ्याच भाषेत सांगतो. ओतलेलं कास्टिंग साच्यात निवायच्या आधी घाई करून फोडलं तर काय होतं? तडकतं, नाहीतर वाकतं, आणि रिजेक्शनच्या ढिगात जातं. हे तू नव्या पोरांना ओरडून शिकवतोस. शरीराचंही तेच. सराव ही फक्त ओतणी. ताकद धरते ती नंतर, झोपेत आणि विश्रांतीच्या दिवशी. तू नऊला दिवा मालवून अकरापर्यंत ऑर्डरींचे मेल बघणार, चारला उठणार, आणि वर सगळा सराव अर्धवट जोरात करणार. ना धड हळू, ना धड जोरात, नुसतं दमल्याचं समाधान. सकाळचे विश्रांतीतले ठोके वाढलेत, महिन्यातून दोनदा सर्दी, कामगारांवर खेकसणं. हे लोखंडी माणसाचं लक्षण नव्हे. कालच्या बैठकीत तुझा डोळा लागला होता, हे मला तुझ्याच फोरमननं सांगितलं, तोही माझाच विद्यार्थी.

मिलिंद सोमणचं उदाहरण मला देऊ नकोस. 2015 साली झुरिचला, पन्नाशीच्या तोंडावर, 15 तास 19 मिनिटांत त्यानं ही शर्यत पुरी केली, खरं आहे. पण त्याला शनिवारी फर्नेस पेटवायची नव्हती. दुसऱ्याचं वय उचलून आपल्या आयुष्याला लावता येत नाही.

आणि कट-ऑफ? तो तर तू देवासारखा मानतोस. साधारण 2 तास 20 मिनिटांत पाण्याबाहेर, साडेदहा तासांच्या आत सायकल संपलेली, सतरा तासांच्या आत सगळं. एक मिनिट उशीर झाला की पायाची चिप काढून घेतात, रडगाणं ऐकत नाहीत. तू कौतुकानं सांगितलंस, "शिस्त म्हणजे शिस्त, सर." घरी मात्र "नऊला येतो" म्हणून सव्वादहाला येतोस, वर "वारा उलटा होता" म्हणतोस. पन्हाळ्याच्या रस्त्यावर वारा कधी सुलटा असतो रे? चारला उठणं ही शिस्त नव्हे, तो गजराचा गुण. सांगितलेल्या वेळी दारात असणं, वीस किलोमीटर कमी पडले तरी वळून परत येणं, ही शिस्त. तिथं तू रोज बाद होतोस. घरचे बोलत नाहीत, म्हणून तुला वाटतं की तू शर्यतीत आहेस.

गेल्या महिन्यात भांडण झालं तेव्हा म्हणालास म्हणे, "जाऊ दे, विकतो सायकल, सोडतो सगळं." हे तर त्याहून वाईट. ती धमकी आहे. समोरच्याला अपराधी करून गप्प बसवायचं. तिनं तुला सोडायला सांगितलं होतं का? सायकल विकून तू नीट झाला असतास तर मीच गिऱ्हाईक आणलं असतं.

शर्यत सोडू नकोस. नीट कर. गोव्याला हाफ केलास तेव्हा 1.9 किलोमीटर पोहून, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर पळून मिरामारला आलास, आणि पोरगी तुझा हात धरून शेवटची चार पावलं पळाली. तो फोटो मी बघितलाय. ते घर तुझ्याविरुद्ध नाही.

रविवारी रात्री जेवणं झाली की दोघं बसा, फोन बाजूला ठेवा, आणि पुढच्या आठवड्याचा कागद लिहा. आधी तिचे तास. तिचं ऑडिट, तिची भिशी, तिला नुसतं पडून राहायचं असेल ती दुपार. मग आईचा डॉक्टर, पोरीची परीक्षा, फर्नेसच्या पाळ्या. मग जे उरेल त्यात तुझा सराव बसव. बसत नाही म्हणशील, तर बसतो. पोरगी झोपल्यावर घरातच सायकल ट्रेनरवर चढवून तासभर चालव. आठवड्यात एक दिवस गजर नाही. लांबची राइड एक रविवार सोडून एक. मधल्या रविवारी आईला ज्योतिबाला ने, गाडीनं. पोहणं तीनदा पुरे, तुझा हात अजून पाण्यात आडवा जातो, तो आधी सरळ कर. मोसमात दोन-तीन सराव बुडतील. बुडू देत. त्यानं शर्यत जात नाही. आणि शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत सराव कमी करशील, तेव्हा मोकळे झालेले तास शूज आणि चष्मे बघण्यात घालवू नकोस, ते तिचे आहेत.

मान खाली घालू नकोस. माझ्याकडं बघ. मला "सॉरी सर" नको. ते जिथं म्हणायचं तिथं म्हण.

उद्या पहाटे तू रंकाळ्यावर मला भेटणार होतास, हात बघायला. येऊ नकोस. मीच पाचला तुझ्या दारात येतो. मोटर कोण लावतंय ते बघतो. चहा तू करायचास. घड्याळ उचल आता, आणि जा.