वर्गातला पाऊस

गेल्या पावसाळ्यात आमच्या सहावीच्या मुलांनी तीन मिनिटांचा व्हिडिओ केला. भरलेला ओढा, पेरणी, छत्री उलटी झाल्यामुळे भिजलेला मी, आणि मागे एक गाजलेले सिनेगीत. वर्गातल्या टीव्हीवर लावला तेव्हा टाळ्या पडल्या. मग तो एका संकेतस्थळावर चढवला, तर दुसऱ्या दिवशी आवाज गायब. ‘‘सर, वर्गात चाललं, मग तिथं का नाही?’’ एका मुलीने विचारले.

प्रश्न नेमका होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शाळेच्या बाबतीत चांगलेच सैल आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी एखाद्या कृतीची नक्कल करू शकतो. विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरता सिनेमाही शाळेत दाखवता येतो. दिल्ली विद्यापीठातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर तीन बड्या प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने हीच सवलत उचलून धरली. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

पण ही सवलत वर्गाला आहे, आणि मोबाइल आल्यापासून वर्गाला भिंती राहिलेल्या नाहीत. व्हिडिओ आधी पालकांच्या ग्रुपवर जातो, तिथून गावाच्या, तिथून कुठेही. संकेतस्थळावरचे यंत्र कलम ५२ वाचत नाही. ते चाल जुळवते आणि मोकळे होते.

मग मोफत, परवानगीचे साहित्य शोधायला बसलो. ‘पाऊस’ म्हणून जे सापडले तो काचेच्या खिडकीवरून ओघळणारा, बाजूला कॉफीचा कप असलेला पाऊस. ‘शेतकरी’ शोधला तर चौकड्याच्या शर्टातला गोरा गृहस्थ अफाट मक्यात उभा. फुकट होते सगळे, पण आमचे त्यात काही नव्हते. या विषयावरचा सगळा सल्ला ‘अमुक वापरू नका’ इथे संपतो. माझे म्हणणे असे की, आपली खरी अडचण कायद्याची नाही, कोठाराची आहे. मराठी मुलाला हक्काने उचलता येईल असा पत्र्यावरचा पाऊस कुणी ठेवलेलाच नाही. आम्ही फोन घेऊन शाळेच्या व्हरांड्यात गेलो आणि चाळीस सेकंदांत तो मिळवला.

यात नवे काही नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो ते एकेक चौकट टिपून दाखवले होते, आणि ती चिमुकली फिल्म पाहूनच भांडवल देणारा राजी झाला. आमच्या मुलांनी तोच प्रयोग मटकीवर केला. मटकी दोन दिवसांत मोड काढते, तेवढा धीर सहावीलाही असतो.

जुने ते सगळे मोकळे, हाही एक गोड गैरसमज. साने गुरुजी १९५० साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे संपली, आणि ‘श्यामची आई’ हे पुस्तक २०११ च्या १ जानेवारीपासून सर्वांचे झाले. अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. चित्रपटावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे, म्हणजे २०१३ अखेर संपला. पण अत्र्यांच्या लेखणीवरचा २०२९ अखेरपर्यंत आहे आणि वसंत देसाईंच्या चालींवरचा २०३५ पर्यंत. एकाच आईचे तीन वारसदार! वर्गात दाखवायला आडकाठी नाही. पण तुकडा कापून आपल्या व्हिडिओत जोडून जगापुढे ठेवायचा तर हा हिशेब मांडावा लागतो. आणखी एक गंमत: अमेरिकी संघसरकारच्या कामावर तिथे प्रताधिकार नसतो, त्यामुळे नासाने टिपलेला चंद्र आमच्या मुलांना सहसा बिनदिक्कत घेता येतो. आपल्याकडे सरकारी प्रकाशनही ६० वर्षे राखीव. पाठ्यपुस्तकातल्या आपल्याच जिल्ह्याच्या नकाशापेक्षा चंद्र जवळ.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ साली निघाले. त्यातला सगळ्यात सुटसुटीत परवाना सांगतो, घ्या, बदला, वाटा, फक्त कर्त्याचे नाव सांगा. मुलांना हे समजावताना मला ‘तुका म्हणे’ आठवले. अभंग कुणीही गावा, कुठल्याही चालीत गावा. नाव मात्र त्याच्या आतच विणलेले, गाणाऱ्याला ते गाळता येत नाही. अर्थात अभंग मोकळा असला, तरी मोठ्या गवयाने गायलेली त्याची ध्वनिमुद्रिका मोकळी असेलच असे नाही. पोरांना हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून सिनेगीताच्या जागी मुलांनी गावातल्या एका आजींकडून जात्यावरची ओवी म्हणवून घेतली. गाणाऱ्याचाही कायद्याने हक्क असतो, म्हणून आधी रीतसर विचारले. आजी हसल्या, ‘‘माझ्या गळ्याला कोण विचारतंय?’’ म्हणाल्या. एकदा म्हटली, ऐकली, खोकला आला म्हणून पुन्हा म्हटली. शेवटच्या पाटीवर मुलांनी त्यांचे नाव टाकून दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून पाहिला.

‘‘ओवी माझी न्हाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या आत्याची. तिचं नाव घाल वर, माझं खाली.’’

त्या मुलीने तिथेच ओट्यावर बसून पाटी बदलली.