ताण घेऊ नकोस, म्हणणाऱ्यांची प्रार्थना

माउली, बाईला दिवस गेले की जो तो तिला एकच सांगतो, ताण घेऊ नकोस. सासू सांगते, डॉक्टर सांगतात, काल रात्री घरखर्चावरून तिच्यावर ओरडलेला नवराही सांगतो. ताण जणू आठवडी बाजारात मिळतो आणि तीच हौसेनं पिशवी भरून आणते. आमच्या या शहाणपणापासून आधी तिची सुटका कर.

पोटातली व्यवस्था तू किती जपून केलीस! भीतीनं, दगदगीनं आईच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. बाळाची फुप्फुसं तयार व्हायला तेही थोडं लागतंच. जास्तीचं मात्र बाधतं. म्हणून वारेत तू एक विकर पहाऱ्याला बसवलंस. आईकडून येणारं बरंचसं कॉर्टिसॉल ते वाटेतच निकामी करतं. ताण आठवडेच्या आठवडे हटला नाही की हा पहारा ढिला पडू शकतो, आणि नेमका त्याच महिन्यांत बाळाचा मेंदू आकाराला येत असतो.

१९९८ च्या जानेवारीत कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात पडताच गोठणारा पाऊस झाला. खांब मोडले, तारा तुटल्या, लाखो लोक भर थंडीत विजेविना राहिले, काही तर महिनाभर. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांवर संशोधकांनी पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. साडेपाचव्या वर्षी भाषा आणि बुद्ध्यांक तपासला, तर ज्यांच्या आयांचे हाल जास्त झाले होते त्यांचे गुण सरासरीनं कमी भरले. आई मनातून किती हादरली होती, याच्याशी त्या गुणांचा मेळ बसेना. मेळ बसला तो वीज किती दिवस नव्हती, घर सोडावं लागलं का, असल्या रोकड्या गोष्टींशी. तिच्या मनाला बोल लावणाऱ्यांना एवढं तरी कळू दे, देवा.

इकडे दिवाळी सरली की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कधीच घेतलेली, कधीच संपलेली. पोटुशी बाई पहाटे फडात उतरते. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा पायाच्या अंगठ्यानं फळी चाचपत एकेक पाऊल टाकते. एक दिवस कोपीत पडून राहिली की खाडा. तिला आनंदी राहायचा सल्ला द्यायला आमची जीभ रेटू देऊ नकोस.

तिच्या डोक्यावरची मोळी उतरव. तिच्या आजारपणाचा खाडा लावताना मुकादमाचा हात आखडू दे, आणि त्याच्यावरच्या कारखान्याचाही. कोपीत दिवा आणि पाणी असू दे. हे सगळं सोसून जन्मलेल्या लेकराच्या कपाळी आम्ही आधीच काही लिहून ठेवू नये, एवढी अक्कल आम्हाला दे. सरासरी अनेकांची असते, एका पोराचं नशीब तिच्यात वाचता येत नाही. जन्मानंतरही मेंदू घडतच राहतो, म्हणून त्याला कुशीत घेऊन त्याच्याशी वायफळ बडबडायला त्याच्या आईला फुरसत मिळू दे.

आणि परमुलखातल्या दवाखान्यात ती पोचली, की सिस्टरनं कार्ड मागण्याआधी तिला बसायला खुर्ची द्यावी, असं कर.